शेजारच्या सीटवरचा टोबिन

डिझेल भरून थिया परत आली, तर तिच्या छोट्या ट्रकमध्ये, चालकाच्या शेजारच्या सीटवर एक अनोळखी माणूस आरामात सॉसेज रोल खात बसला होता.

"सॉस आणलास?" त्याने वर न बघताच विचारलं.

"नाही... पोलिसांना आणू का?"

त्याने दचकून मान वर केली. करडे डोळे, उन्हाने रापलेला चेहरा, आणि बघता बघता कानांपर्यंत चढत गेलेली लाली.

"हा... डूगलचा ट्रक नाही?"

"डूगलचा तो, पलीकडे उभा आहे तो."

चूक कुणाचीही झाली असती. वाळवंटाच्या काठावरच्या या सेडुना गावात दर दुसरा ट्रक पांढरा, प्रत्येकावर तीच लाल धूळ, प्रत्येकाच्या छतावर तीच फावडी. पण खाली उतरल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि सीटवर सांडलेला चुरा टोपीनेच अगदी निगुतीने झाडून काढला. थियाला उगाचच हसू आलं.

डूगल आणि त्याची बायको ब्रिजिट, दोघंही थियाचे दोस्त. थिया दोन वर्षांपूर्वी शाळेत शिकवायला सेडुनात आली, तेव्हापासून वाळूत ट्रक घालायची तिची फार इच्छा होती. आज तो शनिवार उजाडला होता. वाळूच्या तीनशे टेकड्या आणि दोन दिवस.

"हा माझा मामेभाऊ, टोबिन," डूगल म्हणाला. "माझ्या ट्रकमध्ये पाणी, लाकडं आणि ब्रिजिटच्या उशा आहेत. टोब्या, तू थियाबरोबर बस. तिला वाळूची सवय नाही, सांगायला कुणीतरी हवं."

टोबिनने थियाकडे बघितलं. "बसू का? या वेळी विचारून बसतोय."

"बसा. पण चुरा सांडायचा नाही."

उत्तरेकडची वाट सुरू झाली तशी वाळूत रुतू नयेत म्हणून दोन्ही ट्रकच्या टायरांमधली हवा कमी केली, बॉनेटवर उंच काठ्यांचे केशरी झेंडे लावले. पलीकडून कुणी येत असलं तर टेकडीआडून आधी झेंडाच दिसतो. बाभळी पिवळ्याधमक फुलल्या होत्या. त्यांचा मधासारखा वास उघड्या काचेतून आत येत होता.

"तुमचा ट्रक कुठे आहे?" थियाने विचारलं.

"घरी."

"मग आणला का नाही?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. "तुमची सीट मऊ आहे म्हणून."

पहिल्याच टेकडीवर तिचा ट्रक अर्ध्यात रुतला. दुसऱ्या टेकडीवरही तेच. दोघं गुडघे टेकून हातांनी चाकांपुढची वाळू उपसत होते तेव्हा ती वैतागून म्हणाली, "मला नाही जमणार हे."

"जमेल. तू घाबरून आधीच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतेस." मग तो थबकला. "...तुम्ही."

"तूच म्हण. एकत्र वाळू खाल्ली आपण."

तिसऱ्या टेकडीपाशी तो हळू आवाजात बोलू लागला. "आता वेग घे. घाबरू नकोस... स्टिअरिंग सैल धर, ट्रकला त्याची वाट कळते... पाय उचलू नकोस, अजून नाही... अजून नाही... आता." ट्रक अलगद माथ्यावर आला आणि समोर टेकड्यांच्या लाल लाटा पसरल्या, एकीमागे एक, थेट आभाळापर्यंत. समोरून येणाऱ्यांना कळवायला टोबिनने रेडिओ उचलला. "दक्षिणेकडून दोन गाड्या, माथ्यावर आहोत."

त्यानंतर टेकड्या येत गेल्या, जात गेल्या. हळूहळू थियाच्या एक गोष्ट लक्षात आली. ती वेग घ्यायची तेव्हा टोबिनचा उजवा पाय खालची चटई दाबायचा. ती वळायची तेव्हा गुडघ्यांवर ठेवलेले त्याचे तळवे किंचित वळायचे. ज्याच्या अंगात इतकं चालवणं भिनलंय, तो शेजारी का बसलाय? आणि आपण वाटेकडे बघायचं सोडून त्याच्या तळव्यांकडे का बघतोय...

दुपार कलली तसा खाऱ्या तळ्याचा पांढरा काठ दिसू लागला. मुक्कामाआधीची शेवटची टेकडी सगळ्यात देखणी होती. थियाने ट्रक थांबवला, खाली उतरली आणि किल्ली त्याच्यासमोर धरली.

"ही तुझी. दिवसभर बघतेय, किती मन होतंय तुझं ते."

त्याने किल्लीकडे बघितलं... आणि एक पाऊल मागे सरकला.

"नको."

"अरे, मी काही म्हणणार नाही—"

"नको म्हटलं ना."

त्याचा आवाज चढला होता. थियाने किल्ली मुठीत मिटली. टोबिन चाकाला टेकून वाळूत बसला.

"एप्रिलमध्ये फिट आली," शेवटी तो म्हणाला. "गाडी चालवताना. शुद्धीवर आलो तेव्हा ट्रक कुंपण तोडून शेतात उभा होता. समोरून कुणी येत नव्हतं, एवढंच नशीब. आता वर्षभर चालवायचं नाही. पाच महिने झाले, सात राहिलेत. तेही पुन्हा आली नाही तर."

थिया त्याच्याजवळ बसली.

"गावापासून सत्तर किलोमीटरवर शेत आहे आमचं," तो वाळूवर बोट फिरवत म्हणाला. "एकतीस वर्षांचा माणूस आईला विचारतो, केस कापायला नेशील का. मग मी विचारणंच सोडलं. आज डूगलने अक्षरशः उचलून आणलं."

"केस बरे दिसतायत तसे."

तो हसला, आणि तिला फार बरं वाटलं. मग तिला आपली गोष्ट सांगावीच लागली, न सांगणं खोटेपणाचं झालं असतं. तिची बदली झाली होती. तीन आठवड्यांनी सत्र संपलं की माउंट गॅम्बिअर, राज्याच्या दुसऱ्या टोकाला.

"किती लांब?" त्याने विचारलं.

"बाराशे किलोमीटर."

त्याने वाळूतल्या बोटाच्या रेघा तळव्याने पुसून टाकल्या.

रविवारी परतताना तीच टेकडी उलट्या बाजूने आली. ही बाजू उभी आणि भुसभुशीत होती. दोन वेळा ट्रक अर्ध्यातून सरळ मागे उतरवावा लागला. तिसऱ्या खेपेला टोबिन काहीच बोलला नाही.

"बोल ना," थिया म्हणाली.

"आता गरज नाही तुला."

आणि खरंच, ट्रक वर आला. माथ्यावर इंजिन गुरगुरत होतं, झेंडा फडफडत होता. थियाने आनंदाने त्याचा हात धरला आणि सोडायला विसरली. त्यानेही आठवण करून दिली नाही. त्याचा चेहरा इतका जवळ होता की भुवईतले वाळूचे कण दिसत होते...

रेडिओ खरखरला. "थिया, बाई, खाली उतर," डूगल म्हणाला. "मी मागून येतोय, आणि मला ब्रेक लावायचा नाहीये."

संध्याकाळी ती त्याला शेतावर सोडायला गेली. त्याने उतरून फाटक उघडलं आणि खिडकीपाशी येऊन उभा राहिला. घरापुढे त्याची आई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

"पुन्हा भेटायचं म्हटलं तर..." थिया म्हणाली.

"तर तू सत्तर किलोमीटर यायचं. नंतर बाराशे. मी नुसती वाट बघायची."

"येईन की. तू विचार तर."

"नाही थिया. आधीच सगळे मला वाहून नेतायत."

"तुला बरोबर नेणं मला ओझं वाटलं का?"

"दोन दिवसांत नाही वाटणार. सात महिन्यांत वाटेल."

थियाने गिअर टाकला. गाडी वळवून निघाली, आणि सत्तर किलोमीटरभर शेजारच्या सीटकडे बघायचं तिने टाळलं.

त्याचा फोन आला नाही. तिने दोनदा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत बंद केला. एका शनिवारी तर त्याच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आली. सत्र संपलं, सामान हललं. नव्या गावात सगळं हिरवं, ओलं. पाइनची झाडं, दारापर्यंत येणारं धुकं. तिथली मुलं गुणी होती, शाळा चांगली होती. पण टेकड्यांमधून जाताना ऐकलेलं ते "अजून नाही... अजून नाही..." तिला वर्गात फळ्याकडे वळल्यावरसुद्धा ऐकू यायचं, आणि खडू हातातच राहायचा.

नव्या शाळेतल्या पहिल्या शुक्रवारी, वह्या तपासत असताना फोन वाजला.

"तुमच्याकडे नेहमीच असा पाऊस पडतो का?" टोबिनने विचारलं.

थिया खुर्चीवरून उठलीच. "तू... कुठे आहेस?"

"बसथांब्यावर. ग्रंथालयाशेजारी. इथे एक बाई म्हणतायत की छत्री न आणणारा माणूस इथला नसतो."

ती पोचली तेव्हा तो खरोखरच तिथे होता, पायाशी पिशवी, खांदे भिजलेले, वीस तासांच्या प्रवासाने चेहरा पार उतरलेला.

"आईला म्हटलं, सेडुनापर्यंत सोडशील का," तो म्हणाला. "ती इतक्या घाईने किल्ली घ्यायला धावली की पायात एकच चप्पल. मग रात्रभर ॲडलेडची बस. मग ही दुसरी. कापणीला अजून आठ दिवस आहेत." तो थांबला. "मला वाटलं होतं, सात महिने काढीन आणि मग स्वतः गाडी चालवत येईन तुझ्याकडे. रुबाबात. पण थिया... पाच आठवडेसुद्धा नाही निघाले माझ्याच्याने."

"आणि पुन्हा फिट आली तर? पुन्हा वर्ष मोजायचं?"

"आली तर मोजू. तोवर बस आहे." त्याने तिच्याकडे बघितलं. "तुला चालेल?"

तिने त्याच्या ओल्या जाकिटावर कपाळ टेकलं आणि तशीच उभी राहिली. त्याचे हात आधी बिचकले, मग तिच्या पाठीवर येऊन विसावले. पाऊस पडतच होता. थांब्यावरच्या बाईंनी सभ्यपणे तोंड फिरवून आपली छत्री उघडली.

बऱ्याच वेळाने तिच्या केसांपाशी त्याचा आवाज आला, हळू, पण अजिबात न अडखळता.

"मला तुझ्या घरी घेऊन जाशील?"