कामठीचा मुखवटा

रिटायर झाल्यावर माणसं गुलाब लावतात, नाहीतर सुनेच्या कामात नाक खुपसतात. शालिकराम पराते विषारी वायूपासून बचाव करणारे जुने फौजी मुखवटे जमवत. कोराडीच्या वीज केंद्रात, सुरक्षा साहित्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. दुसऱ्यांच्या श्वासाची काळजी हाडीमाशी मुरलेली. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर सव्वीस मुखवटे गोल काचांच्या डोळ्यांनी दाराकडे बघत बसलेले असत. पोस्टमन सही घ्यायला आला की उंबऱ्याबाहेरच उभा राही.

सत्ताविसावा होळीनंतरच्या आठवड्यात कामठीच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला. दुसऱ्या महायुद्धातला, कापडी झोळीसकट. चेहऱ्यावर बसणारा रबरी भाग, त्यातून निघालेली लांब नळी आणि नळीच्या टोकाला गाळणीचा पत्र्याचा डबा. त्या काळच्या डब्यांत फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून शालिकरामांनी आधी डबा सोडवून वेगळा बंद करून ठेवला. मग रबर चिकटू नये म्हणून शंखजिऱ्याची पूड फासली आणि मुखवटा मधल्या फळीवर मांडला.

घरात दोघंच. पत्नी सुभद्राबाई उमरेडच्या कोष्ट्यांची लेक. लहानपणी मागासाठी कांड्या भरता भरता कापसाचा भुसा छातीत गेला तो गेला, आणि साठीला टेकता टेकता फुप्फुसांनी हात टेकले. डिसेंबरात डॉक्टरांनी शालिकरामांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, उन्हाळा निघाला तर नशीब समजा. ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. शालिकराम देवाधर्मातले नव्हते, पण सकाळी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावताना त्यांचे ओठ आपोआप हलत. चाळीस वर्षांचा संसार. ती गेली तर आपण काय करायचं, हा विचार ते पुरता करूच शकत नसत.

आणि होळीनंतर सुभद्राबाई सुधारल्या. आकडा चौऱ्याऐंशीवरून सत्त्याण्णववर गेला. मशीनवर चादर टाकली गेली. मे उजाडला, पारा सेहेचाळीसला गेला, आणि बाई सकाळी सकाळी गच्चीवर मुगवड्या घालू लागल्या. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. शालिकरामांनी गल्लीत पेढे वाटले आणि जास्त खोलात गेले नाहीत. एरवी पावशेर खिळे घेतले तरी चार प्रश्न विचारणारा हा माणूस. पण भीती वाटली की स्वभावही गप्प बसतो.

खोलात जावं लागलं ते काचांमुळे. एका सकाळी फडकं मारताना कामठीच्या मुखवट्याच्या काचा धुरकट दिसल्या. वाफ होती, आणि ती आतून होती. नागपूरच्या मे महिन्यात ओला टॉवेल दहा मिनिटांत कडक होतो, तिथे वाफ कसली? त्यांनी काचा पुसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग पूड. नाकाखाली श्वास बाहेर सोडायची एक लहान रबरी झडप असते. तिच्यावरची पूड उडून समोरच्या फळीवर पंख्यासारखी पसरलेली. त्यांनी नवी पूड लावली, खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली. संध्याकाळी पूड पुन्हा फळीवर.

कोष्ट्याच्या घरात सुताला तोटा नाही. शालिकरामांनी कूलर, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि झडपेसमोर एक धागा टांगला. घाम गळत होता. धागा पुढे झुकला. सरळ झाला. पुन्हा झुकला. त्यांनी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा.

त्यांनी धागा गुंडाळून खिशात ठेवला.

त्यांचे जुने मित्र चंद्रभान आले ते न सांगता, भर सकाळी अकरा वाजता. कन्हानच्या कोळसा खाणीतल्या बचाव पथकात आयुष्य गेलेले, आणि मुखवट्यांचा नाद त्यांनाही. शालिकराम पाणी आणायला आत गेले आणि माठाशीच होते, तोवर बाहेरून आवाज आला.

"शालिकभाऊ, रबर तं एकदम मुलायम आहे गा! ऐंशी वर्षांचं वाटूनच नाही राहिलं."

शालिकराम तांब्या घेऊन धावले. चंद्रभानांनी मुखवटा चढवलेला होता आणि नळी मुठीत आवळली होती. जुना मुखवटा हातात आला की प्रत्येक शौकीन हेच करतो. नळी दाबायची, श्वास ओढायचा. रबर गालांना चिकटून राहिलं तर मुखवटा शाबूत. दहा अंक मोजायचे.

रबर गालांना चिकटलं.

आत ताट पडलं.

शालिकरामांनी मागे पाहिलं. सुभद्राबाईंनी ओट्याची कड धरली होती. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा तट्ट, ओठ जांभळे. आवाज नाही.

"नळी सोडा!"

चंद्रभानांनी दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. थांबा. त्यांचे अंक चालू होते.

शालिकरामांनी तांब्या टाकला आणि त्यांची मूठ दोन्ही हातांनी उलगडली.

आत सुभद्राबाई हळूहळू सरळ झाल्या. ओठांवर रंग आला. "काही नाही जी, चक्कर आली," म्हणाल्या आणि ताट उचललं.

चंद्रभानांनी मुखवटा काढून फळीवर ठेवला. बराच वेळ ते हात धोतराला पुसत राहिले.

"भाऊ, नळी दाबली अन् मी श्वास ओढला," ते हळूच म्हणाले. "पण माह्या आधी आतून कोणीतरी ओढला."

चहा न घेता ते गेले.

शालिकरामांनी भिंग घेतलं. झडप हलत होती, आणि तिच्या कडेला केसाएवढी चीर पडलेली होती. आज सकाळी नव्हती. असं रबर कसं जातं हे त्यांना ठाऊक होतं. दोन दिवस, फार तर चार. या जातीची झडप आता जगात कुठे मिळत नाही. नवीन कापून बसवावी लागेल, आणि बसवायची तर आधी जुनी काढावी लागेल. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते तसंच ठेवून त्यांनी सिलिकॉनच्या रबरी तुकड्यातून चकती कापली आणि दुसऱ्या एका मुखवट्यावर हात बसवून पाहिला. जुनी झडप काढून नवी बसवायला अठ्ठावीस सेकंद. पुन्हा. चोवीस. पाचव्यांदा एकवीस. त्याच्या खाली येईना.

ते स्वयंपाकघरात गेले. सुभद्राबाई भरताच्या वांग्यांना तेल लावत होत्या.

"सुभद्रा, तू श्वास किती वेळ रोखू शकते वं?"

"काहून?"

"असंच. डॉक्टरनं विचारलं."

त्यांनी हातातलं वांगं खाली ठेवलं. नवऱ्याच्या ओल्या गालांकडे पाहिलं, आणि पदराच्या टोकानं ते पुसले. त्या इतक्या जवळ होत्या की श्वास अंगावर यायला हवा होता.

"दोन महिने झाले जी, मी श्वास घेऊनच नाही राहिली," त्या म्हणाल्या. "तुम्ही घाबरसान म्हणून सांगतलं नाही."