रिकामे तास

प्रयोगशाळेत तांबे हवालदारांचा सत्कार व्हायचा होता. हार आला होता, पेढे आले होते, आणि नेमका तेव्हाच भिंतीवरचा पडदा लाल झाला.

पडद्यावर सोलापुरातल्या एका इमारतीचं बंद दार होतं. आत विलास करंडे नावाचा माणूस, त्याची सात वर्षांची मुलगी आर्या, नळी काढलेला गॅस सिलिंडर आणि काडेपेटी. मुलीला आईकडे द्या, असा सकाळी कोर्टाचा निकाल लागला होता. खाली अग्निशमन दल थांबलेलं. दाराबाहेर एकटी पोलीस शिपाई श्वेता परदेशी. तिच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातून सगळं दिसत होतं आणि तिच्या कानात धीरवाणी होती.

"काळजी नको," डॉ. विभावरी सोहोनी तांबेंना म्हणाल्या. धीरवाणी त्यांनीच घडवली होती. "समोरच्याच्या आवाजातला कंप मोजून यंत्र त्याचा क्षोभांक काढतं आणि तो उतरवणारं वाक्य शिपायाच्या कानात सांगतं. वाक्यं तुमचीच. वस्तीत लोकांना समजावताना तुमचं जे ध्वनिमुद्रण झालं, त्यावरूनच ते शिकलंय."

"विलासभाऊ, तुमचा त्रास मला कळतोय," श्वेता म्हणाली. क्षोभांक एकाहत्तर. "आर्यानं काही खाल्लंय का?" शहात्तर. "तुम्ही एकटे नाही आहात." ब्याऐंशी.

"गप बस की गं बाई!" विलास आतून ओरडला. पोर रडायला लागली.

"ही पोरगी जरा दम का खाईना?" तांबे पुटपुटले.

"दोन सेकंद गेले की यंत्र पुढचं वाक्य देतं."

"मी असा बडबडायचो? आमची मंडळी तर म्हणायची, तुमच्या तोंडाला कुलूप आहे."

"चार हजार तासांचं मुद्रण होतं. त्यातले तीन हजार रिकामे निघाले, ते काढून टाकले. शिकवण्याआधी आम्ही नेहमीच असं साफ करतो."

तांबे ताडकन उठले. "रिकामे? अहो मॅडम, मी बसलेलो असायचो तिथं! दाराला पाठ लावून. माणूस चिडूनसुद्धा दमतो हो. त्याला दमायला वेळ नको? तेच तर माझं काम होतं!"

साफसफाईच्या आदेशावर सही विभावरींचीच होती. पडद्यावर आकडा एक्क्याण्णव झाला आणि आत काडेपेटी खुळखुळली.

त्यांनी श्वेताच्या कानातली धीरवाणी तोडली. तांबेंनी तिच्या कानाशी जोडलेला माइक ओढून घेतला. "पोरी, मी तांबे हवालदार. खाली बस. दाराला पाठ लाव. तो विचारेपर्यंत एक शब्द बोलू नकोस."

श्वेता बसली. चित्र हलायचं थांबलं. आता विलासचा आवाज नाही, म्हणजे क्षोभांकही नाही. पडद्यावर नुसती आडवी रेघ. विभावरींना वाटलं, आपण त्या लेकराला मारलं. काहीतरी बोला हो, असं त्या दोनदा म्हणायला गेल्या आणि दोन्ही वेळा तांबेंनी हात वर केला.

एकोणीस मिनिटांनी आतून आवाज आला. "आहेस का तिथं?"

"आहे," श्वेता म्हणाली.

अजून सहा मिनिटं गेली. मग कडी वाजली. आर्या बाहेर आली, एकाच पायात चप्पल घालून. मागून विलास, हात रिकामे. श्वेतानं पोरीला कवेत घेतलं आणि स्वतःच हुंदके देऊ लागली.

प्रयोगशाळेत टाळ्यांचा कडकडाट झाला. विभावरींनी डोळे पुसले. "तांबे, हे मुद्रण आता यंत्रात जाईल. आज ते तुमचं खरं काम शिकेल."

"कधी?"

"घटना मिटली की आपोआप शिकतं, तिथल्या तिथं." आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला.

पडद्यावर अहवाल उमटत होता. सोलापूर. निकाल : यशस्वी. एकूण सदतीस मिनिटं. पंचवीस मिनिटं रिकामी, वगळली. उरलेली वाक्यं परिणामकारक ठरल्याने राज्यातल्या शिपायांच्या सर्व नऊशे संचांत अग्रक्रमाने पाठवली.

त्या यंत्र बंद करायला धावल्या. तेवढ्यात पडदा पुन्हा लाल झाला आणि त्यावर दुसऱ्या कुठल्याशा गावातलं बंद दार दिसलं.

"भाऊ," तिथला शिपाई म्हणाला, "तुमचा त्रास मला कळतोय."