लासुर्ण्याचे नमुने

लासुर्ण्याच्या दूध डेअरीसमोर चहाची टपरी आहे. तिथल्या बाकावर प्रगतीने पिशवीतल्या रिकाम्या बाटल्या मांडल्या मात्र, शेजारचा माणूस चहा सोडून ताडकन उभा राहिला.

“दूध तपासायला आलाय व्हय म्याडम? माझ्या कॅनमधलं घ्या. पाण्याचा थेंब निघाला तर मिशी काढून देतो!”

प्रगतीने वर पाहिलं. मिशी झकास होती... उगाच काढायला लावावी अशी मुळीच नव्हती.

“मला दूध नकोय,” ती म्हणाली. “शेण हवंय.”

झालं! टपरीवरचे सगळे हसले आणि तो माणूस सगळ्यात मोठ्याने. त्याचं नाव ज्ञानेश. गाईंचा गोठा, थोडा ऊस आणि घरामागे गोबरगॅसची टाकी. प्रगती पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करायची. साखर कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना न्यायला ती आली होती, पण हंगाम संपलेला. फाटकावरूनच परत फिरावं लागलं होतं, म्हणून आता शेणावर भिस्त. टाकीचं नाव ऐकलं आणि तिचा चेहरा खुलला.

“या टाकीत हवेशिवाय जगणारे सूक्ष्म जीव आहेत,” त्याच्या घरामागे बाटल्या भरता भरता ती सांगत होती. “त्यांच्यात एक एन्झाइम असतं. त्याच्या गाभ्यात असतं लोखंड आणि निकेल. हायड्रोजनपासून वीज करायला आज प्लॅटिनम लागतं, महागडं. ते काम हे एन्झाइम साध्या धातूंवर करतं. कसं करतं, ते मला शोधायचंय.”

“आमी आजवर शेगडीच पेटवली,” ज्ञानेश टाकीकडे बघत म्हणाला.

त्याने तिला बारामतीच्या स्टँडवर सोडलं. ती तिकिटाची चौकशी करायला गेली, तेवढ्यात त्याने उन्हात तापलेल्या बाटल्यांची बुचं हळूच सैल केली. गोबरगॅसवाल्या घरातला माणूस तो. कोंडलेला गॅस सोडायचा असतो, एवढं त्याला ठाऊक. पुण्यात प्रगतीच्या यंत्रावर विजेचा मागमूस नव्हता. बुचं सैल दिसली, तशी तिने तणतणत फोन केला.

“अहो, फुटल्या असत्या की बाटल्या!”

“हवा लागली की ते एन्झाइम गप्प होतं!”

“लाजाळू हाय की मग.”

“हट्टी आहे. हायड्रोजनमध्ये ठेवून तासन् तास मनधरणी करावी लागते, तेव्हा कुठे थोडं जागं होतं.”

“मग करा की मनधरणी...” तो थांबला. “न्हायतर परत या.”

ती परत आली. मग येतच राहिली. तो बूच धरायचा, ती दाबायची. बोटाला बोट लागलं की दोघंही टाकीत काहीतरी महत्त्वाचं दिसल्यासारखे खाली बघायचे. त्याची आई कौसल्याबाई तिला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

“पोरगं सोन्यासारखं हाय,” एकदा त्या भाकरी वाढता वाढता म्हणाल्या. “पर गोठ्यातल्या पोराला कोण पोरगी देतंय? समद्यास्नी नोकरीवाला पायजे.”

ज्ञानेश ताटावरून उठून गाईंना पाणी दाखवायला गेला. हा माणूस आपल्याला कधीही विचारणार नाही, हे प्रगतीला त्या दिवशी कळलं. आणि आपण त्याच्यावर जीव जडवून बसलो आहोत, हेही कळलं. काम आता संपत आलं होतं. यंत्रावर वीज दिसली होती, छान दिसली होती. काम संपलं की इथे येणंही संपणार, या विचाराने तिला त्या यशाचा धड आनंदही होईना.

श्रावणातल्या ऊनपावसात ती पुन्हा आली, तर ओसरीवर बाटल्यांची रांगच रांग. तिच्या बाटल्यांसारख्याच, बारामतीत हिंडून आणलेल्या. काठोकाठ भरलेल्या, बुचांवर मेण ओतलेलं.

“वरीसभर पुरतील,” ज्ञानेश म्हणाला. “म्हंजी तुमाला परत हेलपाटा नको.”

प्रगतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग रागच आला.

“मी येऊ नये असं वाटतं तुम्हाला?”

“तसं न्हाय... एवढ्या लांबनं, एष्टीचे धक्के खात... शेणासाठी...”

“आमच्या संस्थेच्या आवारात गोबरगॅस आहे, ज्ञानेश.”

“आं?”

“माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसतो. तिथलं एन्झाइमही तितकंच चांगलं चालतं. पावसाळ्याच्या आधीच तपासून पाहिलंय मी.”

पागोळ्या गळत होत्या. आत कौसल्याबाईंचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

“मग... हितं कशापायी येत हुता?”

“तुमच्यासाठी. मला तुम्ही आवडता. आणखी किती सोपं करून सांगू?”

“मी शेतकरी हाय, म्याडम. पुण्याला राहाया यायचो न्हाय.”

“मी प्रयोगशाळा सोडायची नाही. एष्टी दोन्हीकडून धावते.”

ज्ञानेशने रांगेतली पहिली बाटली उचलली, खिळ्याने मेण खरवडलं, बूच काढलं आणि पावसात जाऊन शेणाची सगळी स्लरी टाकीत ओतून दिली.

“अहो, काय करताय?”

“वर्साचा माल ठेवून काय करायचा?” तो भिजत हसला. “तुमाला यावं लागंल की.”

प्रगतीने पदर खोचला, ओसरीवरून दुसरी बाटली उचलली आणि त्याच्या हातात दिली.