पट्टीचं पलीकडचं टोक

रविवारी दुपारी चारच्या सुमारास माझ्या बहिणीने चालू करवतीचा प्लग भिंतीतून उपटला. करवत थांबली.

त्या वेळी करवतीवर कोणाचाही हात नव्हता.

हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. मी त्याच खोलीत उभा होतो. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी घडलं त्या क्रमाने सांगतो.

माझे भाऊजी घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून, पापणीच्या केसाएवढा स्क्रू चिमट्याने उचलून जागेवर बसवणारा हा माणूस. घर चालतं ते त्यांच्या दोन हातांवर. इतकी वर्षं ते दुसऱ्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात बसले. यंदा स्वतःचं दुकान झालं. आता एक काउंटर हवं होतं.

सुतार रोज ‘उद्या येतो’ म्हणायचा.

“अहो, तुमच्याकडे बंद पडून आलेली घड्याळंसुद्धा याच्यापेक्षा बरी चालतात,” ताई म्हणाली.

शेवटी भाऊजींनी स्वतःच काउंटर बनवायचं ठरवलं. रोज जेवण झालं की मोबाइलवर सुतारकामाचे व्हिडिओ. त्यातून ट्रॅक सॉ घ्यायचं ठरलं. म्हणजे ॲल्युमिनियमच्या लांब पट्टीवरून सरकणारी विजेची करवत. पट्टी प्लायवूडवर ठेवायची, क्लॅम्पने आवळायची आणि करवत पुढे ढकलत न्यायची. काप सरळ येतो.

नावाजलेल्या कंपनीची करवत परवडत नव्हती. भाऊजींनी कोणीही नाव न ऐकलेला एक स्वस्त संच मागवला.

खोक्यात करवत निघाली. पट्टीचे जोडायचे तुकडे निघाले. क्लॅम्प नव्हते.

“म्हणजे घड्याळ घेतलं आणि काटे वेगळे,” ताई म्हणाली.

“मागवतो गं. तोवर एक काप मारून बघतो.”

घरामागे पत्र्याची खोली आहे. तिथे त्यांनी पहिला काप मारला. पट्टी नुसती ठेवलेली, कुठेच आवळलेली नाही. ती सरकायला हवी होती.

ती केसभरही हलली नाही.

दुसरा काप. तिसरा. काउंटरचा वरचा लांब फळा एका दमात कापून झाला. भाऊजी इतके खूश झाले की त्यांनी क्लॅम्पची ऑर्डरच रद्द केली.

मग ताईचा मला फोन आला.

“तू रविवारी येऊन जा जरा.”

“काय झालं?”

“काल मी चहा घेऊन मागे गेले. हे पाठमोरे होते. काप संपला, करवत बंद केली आणि म्हणाले, ‘हं, सोड आता.’”

“कोणाला?”

“तेच मी विचारलं. हे वळले आणि माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, ‘पलीकडचं टोक तूच धरलं होतंस ना?’”

मग ती आवाज उतरवून म्हणाली,

“मी दारातच होते रे. आत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.”

रविवारी जेवून मी तिकडे गेलो. खोलीत लख्ख ऊन होतं. दार उघडं होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

“या बातमीदार! तुझ्या ताईने माझी बातमी केली वाटतं?” भाऊजी हसले.

“पट्टी हलत का नाही, ते दाखवा.”

“अरे, खाली रबर असतं. ते पकडतं.”

मी पट्टी उलटी केली. स्वस्तातला माल. अर्ध्या पट्टीचं रबर सुटून गेलेलं होतं. पलीकडच्या टोकाला तर नुसतं गुळगुळीत ॲल्युमिनियम.

भाऊजींचं हसू जरा कमी झालं.

“एक काप मारून दाखवा,” मी म्हणालो.

त्यांनी काउंटरच्या बाजूच्या तुकड्यावर पट्टी ठेवली. करवत सुरू केली. तिची धूळ धरायची पिशवी नावालाच होती. बारीक पिवळा भुसा सगळीकडे उडाला आणि पट्टीवर बसला. काप पूर्ण झाला. करवत थांबली.

खोली शांत झाली…

आणि पलीकडच्या टोकाला आवाज आला. टक.

धातूवरून नख उचलावं तसा.

मी तिकडे गेलो. पट्टीवर सगळीकडे भुशाचा थर होता. टोकाला मात्र चार जागा कोऱ्या होत्या. लांबट. शेजारी शेजारी. एक जरा आखूड.

मी माझी बोटं त्यावर धरून पाहिली. माझ्या बोटांपेक्षा त्या जागा लांब होत्या.

“भाऊजी, बंद करा हे.”

“शेवटचाच काप राहिलाय. असं कर, तू धर टोक. मग तर झालं?”

मला नाही म्हणायला हवं होतं. पण मलाही खात्री करायची होती.

मी दोन्ही हातांनी टोक दाबून धरलं. करवत सुरू झाली, आणि पट्टी सरकली. मी जोर लावला, तरी ती माझ्या हाताखालून बाजूला गेली. कोणीतरी ओढून घ्यावी तशी.

भाऊजी थांबले. “नीट धर की!”

“धरलंय!”

“सोड बघू तू.”

मी सोडलं. त्यांनी पट्टी पुन्हा खुणेवर आणली आणि करवत सुरू केली.

पट्टी हलली नाही.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी ते घाबरले होते, हे मला दिसलं. पण करवत लाकडात उतरलेली होती आणि ते तसेच पुढे ढकलत राहिले. तेवढ्यात ताई दारात आली.

आता त्यांच्या सवयीबद्दल सांगायला हवं. घड्याळजीला कामावर धुळीचा कण खपत नाही. दिसला की डाव्या करंगळीने तो हलकेच टिपायचा, ही त्यांची जन्माची सवय. बोट आपोआप जातं.

पेन्सिलच्या रेघेवर भुसा साचला होता. करवतीच्या पुढे. त्यांनी डावा हात पुढच्या मुठीवरून काढला आणि करंगळी रेघेवर टेकवली.

आणि हात तिथेच राहिला.

“हात काढा!” ताई ओरडली.

“निघत नाहीये…”

“अहो, हात काढा!”

“निघत नाहीये गं! कोणीतरी…”

त्यांनी उजव्या हाताने करवत सोडली. मी स्वतः पाहिलं. उजवा हात हवेत होता. खटका सोडला की ही करवत बंद पडते आणि पातं आपोआप वर येतं. ती बनवलेलीच तशी आहे.

पातं वर आलं नाही.

करवत पुढे सरकत राहिली. सावकाश. एका लयीत. मागे कोणी शांतपणे ढकलत असल्यासारखी.

मी भाऊजींचा दंड धरून ओढला. खांद्यापासून मनगटापर्यंत हात माझ्याकडे येत होता. पंजा मात्र लाकडावर सपाट दाबलेला. त्यांची बोटं दाबाने पांढरी पडली होती.

ताईने प्लग उपटला.

पातं थांबलं तेव्हा ते करंगळीच्या इतकं जवळ होतं की मधून कागद गेला नसता.

हात त्यानंतर सुटला. एकदम नाही. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट. मग पुढचं. एकेक करून…

मग टोकाला तोच आवाज. टक.

करवत आम्ही त्याच दिवशी पातं काढून भंगारात दिली. पट्टीही दिली. कापलेलं लाकूडही देऊन टाका, असं मी म्हणालो होतो.

“लाकडाने काय घोडं मारलंय?” भाऊजी म्हणाले. दुकान सुरू व्हायचं होतं. उरलेलं काम सुतारानेच केलं. तोही एकदाचा उगवला. वरचा फळा मात्र तोच बसला, भाऊजींनी कापलेला.

पहिले काही दिवस चांगले गेले. मग एका सकाळी घड्याळ उघडून बसलेले असताना त्यांचा डावा हात काउंटरवर टेकला आणि उचलेना. थोड्या वेळाने सुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. डॉक्टरांनी नसा तपासल्या, मान तपासली. काही सापडलं नाही. दवाखान्यात हात व्यवस्थित चालतो. घरीही चालतो.

काल ताई माझ्याकडे आली ती हेच सांगायला. हात आता जास्त वेळ अडकून राहतो. “काउंटर बदलू या” म्हटलं की भाऊजी चिडतात. भीती वाटली की ते असेच चिडतात.

“त्यांचे हात गेले तर आम्ही काय करायचं रे?” असं ती रात्री दोनदा म्हणाली.

आज सकाळी तिने त्यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. तेच. म्हणून मी त्यांच्या दुकानाशेजारच्या चष्मेवाल्याला फोन केला.

“आहेत की दुकानात,” तो म्हणाला. “मी समोरच उभा आहे. शटर अर्धं वर आहे. फोन वाजतोय त्यांचा, मला ऐकू येतोय.”

“मग घेत का नाहीत?”

“काय माहीत. फोन पुढ्यातच आहे. फोनकडेच बघतायत. दोन्ही हात काउंटरवर ठेवून बसलेत.”

“दोन्ही?”

“हो. पंजे सपाट. घाम आलाय हो त्यांना. थांबा, मी आत जाऊन हलवून बघतो.”

काउंटरला हात लावू नका, असं मी म्हणेपर्यंत त्याने फोन ठेवला होता.

आम्ही रिक्षात आहोत. ताई शेजारी बसून सारखा फोन लावतेय. भाऊजींचा वाजतोय.

आता चष्मेवाल्याचाही नुसता वाजतोय.