शेऱ्याचा रकाना

त्या मंगळवारी वरूडच्या वाचनालयात संत्र्याच्या सालींचा वास भरून राहिला होता. शिपाई तायडेदादांनी प्रशिक्षणाला टोपलीभर संत्री आणली होती, आणि ग्रंथपाल इंदुमती खेरडे एका हातात फोड धरून दुसऱ्या हाताच्या एकाच बोटाने टंकत होत्या.

समोरच्या भिंतीवर जिल्ह्यातल्या तेवीस वाचनालयांचं सहपान उजळलं होतं. सहपान म्हणजे सगळ्यांनी मिळून भरायची ग्रंथनोंदवही. मोर्शीत कुणी अक्षर लिहिलं की त्याच क्षणी ते वरूडला दिसायचं, आणि लिहिणाऱ्याच्या नावाचा रंगीत ठिपका त्या जागी हलायचा. इंदुमतींचा ठिपका केशरी होता. सगळ्यांत हळू तोच चालायचा.

"खेरडे मॅडम, शेऱ्याच्या रकान्यात काही लिहायचं नाही," शर्वरी म्हणाली. ती जिल्ह्याची प्रशिक्षक होती, महिन्यातून एकदा अमरावतीहून यायची. इंदुमती तिची आई. पण कामाच्या जागी ती आईला मॅडमच म्हणे.

"मग पान फाटलं आहे, हे कुठं लिहू?"

"नका लिहू. यादीला त्याची गरज नाही."

"वाचणाऱ्याला असते ना, बाप्पा."

तायडेदादा हसले. "ताई, तुमची आई काही रजिस्टर सोडत नाही. परवा चुकलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली अन् बाजूला सही टंकली. स्क्रीनवर!"

"पुसायची सोय आहे की," शर्वरी म्हणाली.

"पुसलं तर चूक कुणाची होती, ते कसं कळणार?" इंदुमतींनी विचारलं आणि फोड तोंडात टाकली. चाळीस वर्षं त्यांनी दाखल नोंदवही अशीच ठेवली होती. खाडाखोड नाही, एक रेघ, आणि 'इं. खे.'

शर्वरी वायरी गुंडाळत असताना त्या जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "जमतंय का गं मला?"

"बस चुकेल माझी," शर्वरी म्हणाली. "फोनवर बोलू."

इंदुमतींनी तिच्या पिशवीत दोन संत्री टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा गाळताना, त्यांचं हृदय थांबलं.

पंधरा दिवसांनी शर्वरी पुन्हा वरूडला आली. त्या दिवशी पाच वाजता तेवीस वाचनालयांचं सहपान राज्याच्या यादीत विलीन होणार होतं. ठरलेल्या नमुन्यात शेऱ्याला जागा नव्हती, म्हणून तो रकाना वगळला जाणार होता. तसं पत्र शर्वरीनेच काढलं होतं. तिच्या पडद्यावर तर तो रकाना वर्षभर दुमडूनच ठेवलेला होता.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी केशरी ठिपका हलला.

आईची कामाला बसायची वेळ. ठिपका ओळीओळीने खाली आला, दोनदा थांबला आणि दुमडलेल्या रकान्यात शिरला. तायडेदादांच्या हातातली पुस्तकं तशीच राहिली.

"मले वाटलं, मलेच दिसून राह्यला."

"ठसा आहे तो, दादा." शर्वरीचा आवाज नेहमीसारखा होता. "सहपान प्रत्येकाची काम करायची रीत शिकतं. माणूस रजेवर असला, की त्याच्या रीतीने सुचवण्या देतं. फिकट अक्षरात. आपण मान्य केल्या तरच त्या पक्क्या होतात."

ही सोय रजेसाठी होती. दुसऱ्या कशाचा विचार कुणी केला नव्हता. तिने यादीत आईचं नाव निवडलं आणि 'ठसा मिटवा' वर बोट नेलं, तोच मोर्शीहून निलोफरचा फोन आला. निलोफर शेख तिथली ग्रंथपाल. प्रशिक्षणात शेवटच्या बाकावर गप्प बसणारी.

"ताई, तुम्ही मॅडमचं नाव काढून राहिल्या का? मला इथं दिसलं. काहून?"

"निलोफर, ती आई नाही. यंत्र आहे."

"ते कळते मला. मी आत्ता शेऱ्यात विचारलं होतं, एका पुस्तकाच्या दोन प्रती आहेत, एक काढू का. उत्तर आलं: नको, दुसऱ्या आवृत्तीत शेवटचं प्रकरण बदललं आहे. यंत्रानं कुठून आणलं हे? मॅडमनीच लिहून ठेवलं असेल ना? तुम्ही एकदा रकाना उघडा तर खरं."

शर्वरीने रकाना उघडला.

'पान ११२ गहाळ. दुसऱ्या प्रतीवरून हाताने लिहून चिकटवलं. इं. खे.'

'चिखलदऱ्याचे गुरुजी दर दिवाळीत मागतात. बाजूला ठेवणे. इं. खे.'

मग इतरांच्या ओळी येऊ लागल्या. अचलपूर, चांदूर, धारणी. प्रशिक्षणात "काही शंका?" असं विचारलं की सगळे खाली बघायचे. शंका इथे होत्या. वर्षभराच्या.

'मॅडम, दुसऱ्याची ओळ चुकून माझ्याकडून उडाली. आता?' निलोफरने लिहिलं होतं.

'घाबरू नको. मागोवा उघड, जुनी ओळ परत आण. मग तुझी सही कर. माझी मुलगी शिकवते ते पुन्हा वाच. चिडते, पण नीट शिकवते. इं. खे.'

तायडेदादांनी पाण्याचा पेला ठेवला आणि ते खिडकीकडे गेले.

ती संध्याकाळपर्यंत वाचत राहिली. शेवटच्या ओळीशी आली तेव्हा पावणेपाच झाले होते. तारीख त्या मंगळवारची. सकाळची नोंद, आडव्या रेघेने कापलेली:

'शर्वरीला विचारणे, मला जमतंय का. इं. खे.'

आणि खाली, बस सुटल्यानंतरच्या वेळेची दुसरी:

'विचारलं. उत्तर बाकी. इं. खे.'

 शर्वरीने नमुना उघडला. त्यात एक रकाना वाढवण्याचा अधिकार जिल्ह्याच्या प्रशिक्षकाला होता. तो तिने आजवर वापरला नव्हता. तिने लिहिलं: शेरा. कारणाच्या जागी लिहिलं: 'वाचणाऱ्याला गरज आहे.' स्वतःच्या पत्रावर तिने आडवी रेघ मारली आणि बाजूला सही टंकली.

"अन् ठसा?" तायडेदादांनी विचारलं.

"राहू दे. सुचवू दे त्याला. पण त्याच्या उत्तराखाली आईची सही येणार नाही. जो मान्य करेल, त्याची येईल. चूक कुणाची ते कळायला हवं ना."

मोर्शीचा हिरवा ठिपका लगेच आला. दोन आवृत्त्यांचं फिकट उत्तर गडद झालं आणि त्याखाली उमटलं: 'नि. शे.' पाठोपाठ धारणीचा जांभळा ठिपका आला, मग अचलपूरचा. उद्या केशरी ठिपक्याला माहीत नसलेलं काही कुणी विचारलं, तर यांच्यापैकीच कुणीतरी सांगेल का?

पाच वाजता सहपान विलीन झालं, शेऱ्यासकट.

केशरी ठिपका 'उत्तर बाकी' जवळ थांबला होता. ते उत्तर टंकता आलं असतं. शर्वरीने कळफलक बाजूला सारला.

"जमतंय, आई," ती मोठ्याने म्हणाली. "कधीचं जमतंय तुला. मीच सांगितलं नाही."