यजमानाचा रकाना

बर्फाच्या वादळापायी कॉलेज दुपारी बारालाच सोडून दिलं होतं. पण ग्रंथालयातला संगणक मदत-कक्ष पाचपर्यंत उघडा ठेवायचा असा नियम, आणि नियम पाळायला सगळ्यांना हमखास सापडायची ती ब्रिटा. 'नाही' म्हणायला ती उद्यापासून शिकणार होती. गेली चार वर्षं उद्यापासूनच. टेकडीखालच्या कर्मचारी-वसाहतीतून तिच्या नवऱ्याचे, ओवेनचे, दोन फोन येऊन गेले होते. आठ महिन्यांची एल्सी दातांनी हैराण होऊन सकाळपासून रडत होती.

"डॉक्टरांना विचारू का?" ब्रिटानं विचारलं.

"दात येतायत तिला, शिंगं नाहीत. तुला तिथं दुसरं काही काम नाही का?"

नव्हतंच. तीन वाजता ती बाई येईपर्यंत.

पंचावन्नच्या आसपासची, अंगात ढगळ पुरुषी कोट. भिजलेल्या लोकरीचा वास तिच्याबरोबर आत आला. तिनं छातीशी धरलेला लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"वायफाय टिकत नाही, पोरी. चार मिनिटं चालतं नि तुटतं. घरी हा लॅपटॉप ठणठणीत असतो, इथं आला की हे असं. आणि फायली तर फक्त इथल्याच वायफायवरून उतरतात म्हणे. आज पाचला खातंच पुसणार आहेत."

ब्रिटानं खात्यावरचं नाव वाचलं. वेस कांगस. गेल्या फेब्रुवारीतला तो मुलगा... अशाच वादळात प्रयोगशाळेतून निघाला होता. आई पलीकडच्या वाहनतळावर गाडी घेऊन थांबली होती. अंतर चारशे पावलं. सापडला तो एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर. गाडी उभी होती तिथून साठ पावलांवर.

"मिसेस कांगस," ती म्हणाली आणि तिनं लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला.

"हा लॅपटॉप त्याचाच. आणि त्या फायलींत त्याचा आवाज आहे. माझ्यासारखी पास्टी, खिम्याची करंजी गं, करायला जायचा; पीठ बिघडलं की मला शिव्या घालत रेकॉर्ड करायचा, आणि गाढव पाठवायलाच विसरायचा. एकेचाळीस निरोप आहेत. मी एकही ऐकलेला नाही."

ब्रिटानं नेहमीचे उपाय केले. जुनी जोडणी पुसून नवी केली. लॅपटॉप बंद करून चालू केला. चार मिनिटं फायली उतरण्याची पट्टी पुढं सरकायची, मग थांबायची. शेवटी तिनं आपल्या पडद्यावर नोंदवही उघडली. आवारातला वायफायचा प्रत्येक डबा, मग तो छतावरचा असो की रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरचा, कोण कधी जोडलं गेलं ते तिथं लिहीत असतो.

वेसच्या नावावर दोन ओळी होत्या. खातं एक, यंत्राचा क्रमांकही एकच. एक ओळ ग्रंथालयाची, म्हणजे समोरच्या लॅपटॉपची. दुसरी: खांब तीन. मग खांब पाच. मग चार. पुन्हा तीन. बाहेरची ओळ नव्या खांबाला लागली की समोरचा लॅपटॉप तुटत होता.

तिनं तळघरात नेटवर्क सांभाळणाऱ्या गॉर्डीला फोन लावला.

"एकच यंत्र दोन ठिकाणी कसं असेल, गॉर्डी?"

"ब्रिटाबाई, कुणीतरी क्रमांकाची नक्कल केलीय. चोर आहे. हाकलून देऊ?"

"या वादळात बाहेर फिरणारा चोर?"

"हौशी असेल. नेहमीचं काम आहे, एवढा काय विचार करतेस?"

मिसेस कांगस तिच्याकडे टक लावून बघत होत्या. "काय दिसतंय?"

"दुसरं कुणीतरी हे खातं वापरतंय. बाहेर... दिव्यांपाशी."

बाईंनी खिडकीकडे मान वळवली. काचेपलीकडे दिवस होता, पण दिसत काहीच नव्हतं; नुसतं पांढरं. दाराच्या फटीतून वारा शीळ घालत होता.

"गोल फिरतोय का?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "शोधणाऱ्यांनी सांगितलं होतं मला... बर्फात माणसाला वाटतं, आपण सरळ चाललोय..."

पडद्यावर खांब चारनंतर तीन यायला हवा होता. आलं ते 'ग्रंथालय, बाहेरचं दार'.

"हाकल, गॉर्डी," ब्रिटा फोनमध्ये घाईनं म्हणाली. भीतीनं म्हणाली, हे तिचं तिला कळत होतं.

बाहेरचं सरकतं दार आपोआप उघडलं. बर्फाचा लोट आत आला. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. दार बराच वेळ तसंच उघडं राहिलं, कुणी मध्ये उभं असलं की राहतं तसं, आणि मग मिटलं.

"हाकललं," गॉर्डी म्हणाला. "वायफायवरचा सगळा प्रवेशच बंद झालाय त्या खात्याचा. चल, मी निघतो घरी."

लॅपटॉपवरची पट्टी नवावर थिजली. सव्वाचार वाजले होते.

"पोरी," मिसेस कांगस म्हणाल्या, "बत्तीस राहिलेत गं..." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

एक वाट होती. पाहुण्यांसाठी वायफायचा एक दिवसाचा पास. फक्त कुणा कर्मचाऱ्यानं यजमान म्हणून आपलं नाव द्यायचं. ब्रिटानं यंत्राचा क्रमांक भरला, यजमानाच्या रकान्यात आपलं नाव टाकलं. पत्ता आपोआप उमटला: वसाहत, ब इमारत, घर २०४.

जोडणी टिकली. चार मिनिटं, दहा, वीस. पाचला दहा कमी असताना एकेचाळीस पूर्ण झाले. मिसेस कांगसनी लॅपटॉप बंद केला, कोटाच्या आत घेतला आणि ब्रिटाचा हात दोन्ही हातांत दाबला. त्यांच्या गाडीचे लाल दिवे पांढऱ्यात विरघळेपर्यंत ती बघत राहिली. आयुष्यात एकदा तरी आपण धड काही केलं, असं तिला वाटलं.

पडदा बंद करायला ती वळली. पासवर एक ओळ अजून चालू होती.

पण लॅपटॉप तर बंद होता... खांब तीन. खांब पाच. ती चारची वाट बघत उभी राहिली. चार आला नाही. खांब सहा. टेकडीचा जिना. आता ओळ गोल फिरत नव्हती. पास तिनं लॅपटॉपला दिला नव्हता. क्रमांकाला दिला होता. आणि नावासकट पत्ताही.

तिनं 'पास रद्द' दाबलं. पुन्हा दाबलं. वसाहत, ब इमारत, तळमजला.

ओवेननं फोन उचलला. मागं एल्सीचा टाहो.

"ओवेन, दार..."

"अगं, तू फोनवर कशी? बाहेर बूट आपटून बर्फ झाडतंय ना कुणीतरी. मला वाटलं तूच आलीस. थांब, उघडतो—"

"नको! ओवेन, नको उघडूस!"

कडी सरकल्याचा आवाज आला. मग वाऱ्याचा. मग काहीच नाही.

"कोणीच नाही," ओवेन म्हणाला. "गारठा तेवढा आत आला. आणि ऐक... ऐकतेस ना? झोपली वाटतं एकदम. बघ, उगाच काळजी करत होतीस."

ब्रिटाला फोनमधून एल्सी ऐकू येत नव्हती. पडद्यावर शेवटची नोंद होती: घर २०४, आतली खोली. एल्सीचा पाळणा तिथंच होता.

चार मिनिटं झाली. मग पाच. मग नऊ. ओळ तुटली नाही.