आगीपलीकडचं जाकीट

पाण्यावर पसरलेल्या तेलाची कड वाऱ्याच्या उलट सरकत होती. म्हणजे आत्ता वाऱ्यापेक्षा प्रवाहाचा जोर जास्त होता. लाइफबोटीतून पाहताना वैष्णवीने एवढं पक्कं टिपलं, कारण त्याच तेलाला आग लागली होती.

सकाळी पाणबुडीच्या टॉर्पेडोने त्यांचं तेलवाहू जहाज मधोमध फोडलं होतं. युद्ध दुसऱ्यांचं होतं. जहाज फक्त वाटेत आलं. बाकीच्यांना घेऊन एक बोट किनाऱ्याकडे गेली. या बोटीला कप्तानाने बुडत्या जहाजावरून ओरडून बजावलं होतं, "मी येईपर्यंत थांबा!" तेव्हापासून रिठदची वैष्णवी, जहाजावरची सेकंड ऑफिसर, थांबून होती. तिच्या पायाशी राजपाल इंजिनियर भाजून पडला होता. त्याला लवकर दवाखाना हवा होता.

"ताई, आगीच्या पलीकडं नारंगी काईतरी दिसून राह्यलं," सुकाणूवरचा देवानंद म्हणाला. तो इंझोरीचा, जहाजावर फिटर.

"लाइफ जाकीट हाय. कप्तानच असतीन."

"मंग चला ना! कायची वाट पाह्यता?"

"आग उत्तरेकडं चालली. दक्षिणेकडून पाणी मोकळं होईन. जरा दम धरा."

"दम धरता धरता आपलं भरीत होईन."

"तुमी सुकाणू धरा, भाऊ. भरताचं मी पाह्यते."

हळूहळू ज्वाळांच्या मागे काळ्या पाण्याची एक पट्टी उघडली.

"घ्या आत!"

बोट उसळली. दोन्ही अंगांनी धग आली. वैष्णवीने राजपालवर ओली ताडपत्री ओढली. इंजिन खोकलं. बंद पडलं! दोघांनी वल्ही उचलली. तळहात सोलले, डोळे चुरचुरले; पण वल्ही थांबली नाहीत. पट्टी मागे अरुंद होत मिटली, तेव्हा बोट स्वच्छ पाण्यात होती.

जाकीट रिकामं होतं. बक्कल तुटलेलं नव्हतं, हाताने सोडलेलं होतं.

"आगीखालून बुडी माराले काढलं असन," देवानंद हळूच म्हणाला. "निंगतीन कुठंतरी."

त्याने इंजिन पुन्हा सुरू केलं. दोघांनी हाका मारत सगळं पाणी पालथं घातलं. समोर फुटलेल्या जहाजाचं उरलेलं नाक उभं राहिलं, कण्हलं आणि खाली गेलं. तिथेही कुणी वर आलं नाही. ताडपत्रीखाली राजपालचा श्वास शीळ घालू लागला होता.

"अजून एक चक्कर मारू, ताई?"

वैष्णवीने पाण्यावरून नजर काढली.

"नाई, भाऊ. कप्तानाची वाट आता नाई पाहाची. बोट किनाऱ्याकडं घ्या."